मदत हवी आहे: पिलबगच्या प्रयोगात काय-स्क्वेअर २०.४८ धरू की ३.२?

लेकीचा नववीचा प्रकल्प आहे, पण अडकले आहे मी. आकडेमोड मीच करून दिली ना!

दगडाखाली, कुंडीखाली ते राखाडी किडे असतात बघा, बोट लावलं की गोळी होणारे. पिलबग. त्यांना ओली जागा आवडते की कोरडी, हे बघायचं होतं. एका पसरट डब्यात अर्ध्या भागात ओला टिपकागद, अर्ध्यात कोरडा. मधोमध २० पिलबग सोडले आणि १० मिनिटं दर मिनिटाला दोन्हीकडचे मोजले. सगळ्या नोंदींची बेरीज २००: ओल्यावर १३२, कोरड्यावर ६८. निम्मे-निम्मे अपेक्षित धरून काय-स्क्वेअर, म्हणजे मोजलेले आकडे अपेक्षेपासून किती दूर गेले ते सांगणारा आकडा, आला २०.४८. फरक नुसत्या योगायोगाचा नाही असं म्हणायला तो हवा होता ३.८४ च्या वर, त्यामुळे आम्ही खूश.

लेकीच्या बाई म्हणाल्या, "फक्त शेवटच्या मिनिटाची मोजणी घे." तेव्हा १४ ओल्यावर आणि ६ कोरड्यावर होते. काय-स्क्वेअर ३.२. म्हणजे निकालच गेला! प्रयोग तोच, किडे तेच, मग खरं कोणतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
बाईंचं बरोबर आहे. २० जणांना तोच प्रश्न दहादा विचारला तर २०० मतं होत नाहीत. काय-स्क्वेअरला प्रत्येक नोंद स्वतंत्र लागते. या चुकीला १९८४ साली हर्लबर्ट या पर्यावरणशास्त्रज्ञांनी 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं. तोवर ती बिननावाने सुखात नांदत होती, आणि अजूनही नांदते.

मात्र ३.२ म्हणजे 'ओलावा आवडत नाही' असं नव्हे. एवढ्या पुराव्यावर काही म्हणता येत नाही, इतकंच. एक सांगा, ते किडे पसरून बसले होते की एकमेकांना चिकटून?

धागाकर्ती:
चिकटूनच! चौथ्या मिनिटापासून सात-आठ जण ओल्या कागदाच्या मुडपलेल्या कडेखाली ढीग करून होते. आणि एक महाराज कोरड्या कोपऱ्यात पहिल्यापासून समाधी लावून. तो एकटाच दहादा मोजला गेला, हे आत्ता लक्षात येतंय.

प्रतिसाद:
मग २० सुद्धा खरे २० नाहीत. पिलबग एकमेकांच्या आसऱ्याला जमतात, तसं केल्याने अंगातलं पाणी कमी उडतं. पहिला तिथे थांबला आणि बाकीचे त्याला जाऊन चिकटले, तर तुम्ही ओलावा मोजताय की गर्दी?

ताई, एका वेळी एकच सोडा. २० वेगवेगळे किडे, प्रत्येकाची एकच पाळी. १० मिनिटं झाली की कुठे आहे ते लिहायचं. दर पाळीला कागद नवा आणि डबा उलट दिशेला फिरवलेला, नाहीतर खिडकीचा उजेड निकाल ठरवेल. त्यातून ओला टिपकागद गडद दिसतो आणि त्याची कडही मुडपते, म्हणजे अंधार आणि आडोसा दोन्ही फुकटात मिळाले. त्यापेक्षा सगळीकडे एकच जाळी पसरा, तिच्याखाली एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) ठेवा, वर झाकण. चालायची जमीन सारखीच, फरक फक्त हवेतल्या ओलाव्याचा. आधी दोन्ही बाजू कोरड्या ठेवूनही एकदा करून बघा, म्हणजे ओलावा नसतानाही ते एकाच बाजूला जातात का ते कळेल.

दुसरा प्रतिसाद:
वरच्याला अनुमोदन. फक्त 'आवडते' हा शब्द जपून. पिलबग हे खेकड्याचे नातलग, पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतात, त्यामुळे कोरड्या हवेत सुकतात. तिथे ते भराभर आणि जास्त वेळ चालतात, दमट जागी मंदावतात. नुसतं एवढ्यानेही ओल्या बाजूला गर्दी होते, कुणी जागा 'निवडली' नसली तरी. प्रकल्पात 'ओल्या बाजूला जास्त आढळले' असं लिहा.

धागाकर्ती:
दोन संध्याकाळी खर्ची पडल्या! एकेक सोडून २० पाळ्या केल्या: १५ ओल्या बाजूला, ५ कोरड्या. काय-स्क्वेअर ५.०. पण त्या १५ मधला एक बरोबर मधल्या रेघेवर होता. डोकं ओल्याकडे होतं म्हणून लेकीने तो ओल्यात धरला. चालेल का?

प्रतिसाद:
हा नियम पाळ्या सुरू करण्याआधी ठरला होता का?

धागाकर्ती:
नाही. किडा रेघेवर बसल्यावर ठरला.

प्रतिसाद:
मग तो वगळा. १४ आणि ५, अपेक्षित साडेनऊ-साडेनऊ. काय-स्क्वेअर ४.२६ येतो, अजूनही ३.८४ च्या वर. आणि तो का वगळला, हे वहीत लिहून ठेवा.