घुसखोर हुडकायचा हुकूम मुंबईचा, निस्तरायचं जिल्ह्यानं. खर्च कुणाचा?

गुजरी_कट्टा:
मंत्री उठसूट म्हणतात बांगलादेशी हुडकून हाकला, आणि तिकडं तिजोरीची ओढाताण. राज्याला परदेशी माणूस देशाबाहेर घालवायचा अधिकार आहे का? पकडल्यापासून सीमेपर्यंतचा खर्च कुणाच्या खात्यावर? कोल्हापूरच्या गुजरीत (सराफ बाजारात) बंगाली कारागीर, इचलकरंजीत यंत्रमागावर परप्रांतीय. खोलीमालकांनी कोणते कागद घ्यायचे तेही सांगा. भाषणं नकोत.

दसरा_चौक:
नागरिकत्व, परकीय नागरिक आणि त्यांची हकालपट्टी हे विषय संघसूचीतले, म्हणजे केंद्राचे (नोंद १७ आणि १९). पोलीस राज्यसूचीत, म्हणजे राज्याकडं. म्हणजे राज्य जे करतं ते केंद्रानं सोपवलेल्या अधिकारात, संविधानाच्या कलम २५८(१) प्रमाणे. १९४६ चा परकीय नागरिक कायदा आता नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे. पासपोर्ट-व्हिसाशिवाय शिरलेल्याला ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं पहिल्यासारखंच त्या माणसावर.

जिल्ह्यात विदेशी नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. पकडलेला माणूस ‘मी (पश्चिम बंगालातल्या) मुर्शिदाबादचा’ म्हणाला, की तिथल्या जिल्ह्याकडून खातरजमा मागवायची. केंद्रानं मे २०२५ मध्ये त्याला ३० दिवसांची मुदत घातली. घोळ इथंच होतो. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले काही मजूर सीमेपलीकडं ढकलले गेले आणि पश्चिम बंगाल सरकारनं ते भारतीय असल्याचं दाखवल्यावर परत आणावे लागले. घाई केली की काम दुप्पट.

खातेवही:
खर्चाचं मी सांगतो. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे तूट ४५,८९१ कोटी. एकट्या लाडक्या बहिणीला ३६,००० कोटी. शोधमोहिमेचा पैसा मुख्यतः पोलिसांच्या पगारात आणि प्रवास भत्त्यात मुरलेला असतो. सीमेपर्यंतचा बंदोबस्त, रेल्वेभाडं, जेवण, आणि तेवढे दिवस ठाण्यात कमी पडलेली माणसं. घोषणेला पुरवणी मागणी (विधिमंडळाकडं मागायचा जादा पैसा) लागत नाही, म्हणून नेत्यांना ती परवडते. पकडलेल्यांना ठेवायला कायमची स्थानबद्धता केंद्रं बांधायची म्हटली की मग जागा, पहारा, डॉक्टर सगळं आलं. तिथं उत्साह मावळतो.

शिधापत्रिकांची मोहीम (१ एप्रिल ते ३१ मे २०२५) बघा. अपात्र कार्डं उडवून धान्य वाचवायचं आणि परदेशी नागरिकही हुडकायचे, एका दगडात दोन पक्षी. वास्तव्याचा पुरावा नसेल तर १५ दिवसांची मुदत, नाहीतर कार्ड रद्द. यात पहिल्यांदा अडकतो तो करारपत्राशिवाय भाड्यानं राहणारा आपलाच माणूस.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली:
कागदांतलं जन्मदाखल्याचं राहिलं. एक वर्षापेक्षा उशिरा नोंद करायची तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचाच आदेश चालतो. राज्यात ठिकठिकाणी नायब तहसीलदारांनी अधिकार नसताना आदेश दिले असा आक्षेप आला, जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमलं आणि ११ ऑगस्ट २०२३ नंतरचे असे दाखले तपासणीत आले. तुमच्याकडं त्यानंतरचा उशिराचा दाखला असेल तर आदेशाखाली सही कुणाची आणि कुठल्या हुद्द्याची ते आधी बघा. सही चुकीची निघाली तर अनुपलब्धता प्रमाणपत्र (जन्माची नोंद सापडत नाही असा दाखला), शाळा सोडल्याचा दाखला आणि दवाखान्याची नोंद जमवून नव्यानं अर्ज करा. जुन्या दाखल्याच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

मंगळवार_पेठ:
खोलीमालकांसाठी: आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय. पॅन आणि मतदार कार्डाचंही तेच. तरी आधारची प्रत घ्याच, सोबत फोटो, मूळ गाव, तिथलं पोलीस ठाणं, मालक-मुकादमाचा नंबर. भाडेकरू माहितीचा अर्ज ठाण्यात द्या. मूळ कागद ठेवून घेऊ नका. भाडेकरू परदेशी असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती (पूर्वीचा सी फॉर्म) २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायची.

नागरिकत्वाचा निवाडा मालकानं करायचा नसतो. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मला तर जन्मानं नागरिक. त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंत आई-वडिलांपैकी एक नागरिक हवा. ३ डिसेंबरपासून दोघंही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. बंगाली बोलतो म्हणून खोली नाकारायची, हे यात कुठंच बसत नाही भावा.

गुजरी_कट्टा:
ठाण्यात अर्जाची पोच दिली नाही तर?

मंगळवार_पेठ:
दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का मागा. नाहीच दिला तर स्पीड पोस्टनं पाठवा, नोंदणी आणि डिलिव्हरीच्या पुराव्यासह (रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं). पोस्टाची पावती आणि तो पुरावा जपून ठेवा.