प्रतिसाद: जुलैत दोन दिवसांत पन्हाळा, गगनबावडा आणि दाजीपूर

एकाने विचारलंय की जुलैच्या शनिवार-रविवारी कोल्हापूरहून पन्हाळा, गगनबावडा आणि दाजीपूर ही तिन्ही ठिकाणं बसतील का. दाजीपूर आत्ताच यादीतून काढा. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, आतले मातीचे रस्ते चिखलाने भरतात. गवे बघायचे तर हिवाळ्यानंतर, पाणवठे आटायला लागले की जा.

गगनबावडा कोल्हापूरपासून साधारण ५५ किलोमीटर. निघायच्या आदल्या रात्री पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघाच. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगा आणखी फुगते. पूर चढला की गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीजवळ आणि पन्हाळ्याच्या वाटेवर केर्लीजवळ पाणी येतं. मग पलीकडे गेलेला माणूस तिकडेच अडकतो. पातळी चढती असेल तर सरळ पुढचा आठवडा धरा, पाण्यातून गाडी घालू नका.

गगनबावड्याच्या घाटात दुपारनंतर धुकं इतकं दाट होतं की समोरच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा लाल ठिपक्यासारखा दिसतो. म्हणून सकाळी सहाला निघा, तीनच्या आत परत फिरा. टाकी कोल्हापुरातच भरा, रोख पैसे जवळ ठेवा.

पन्हाळ्याला रविवारी नको, शनिवारी सकाळी लवकर. गाडी लावून पायी फिरा: तीन दरवाजा, अंधारबाव (जुनी विहीर), अंबरखाना, सज्जाकोठी. तीन तास लागतात. अंधारबावीच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, गुळगुळीत तळव्याची चप्पल अजिबात नको.