झटक्यानंतर चौथ्या दिवशी एलडीएल ८५, तरीही स्टॅटिनची एवढी मोठी मात्रा का?

प्रश्न
माझ्या ५८ वर्षांच्या वडिलांना गेल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका आला व अँजिओप्लास्टी करावी लागली. चौथ्या दिवशी घेतलेल्या रक्ताच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल १५८, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३१, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) २१० आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ८५ असे आकडे आहेत. शेजारच्या रकान्यात एलडीएलची मर्यादा १०० छापलेली असताना डॉक्टरांनी अटोरवास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन गटातील औषध) ८० मिलिग्रॅम रोज घ्यायला सांगितले आहे. कोलेस्टेरॉल वाढलेलेच नाही तर हे कशासाठी, असे आई विचारते.

उत्तर (फिजिशियन)
रक्त चौथ्या दिवशी घेतले, इथेच खरी मेख आहे. झटक्यानंतर शरीरात जो दाह उसळतो त्यामुळे साधारण २४ तासांनंतर एलडीएल उतरू लागते, ट्रायग्लिसराइड उलट चढू शकते, आणि ही घडी पूर्ववत बसायला काही आठवडे लागतात. त्यात स्टॅटिन आधीच सुरू झाले असेल तर आकडा आणखी खाली येतो. म्हणून लिपिडची (रक्तातील चरबीची) तपासणी पहिल्या २४ तासांत करावी असे सांगतात. दाखल करतेवेळी ती झाली होती का, हे कागदपत्रांत पाहावे.

अर्थात, वडिलांचे एलडीएल एरवीही ८५ असेल, तरी औषध योग्यच ठरते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हृदयधमनीच्या विकाराने दाखल झालेल्या सुमारे १ लाख ३७ हजार रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचे एलडीएल १०० च्या खालीच होते. अहवालावरची मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते. झटका येऊन गेलेल्यासाठी युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार एलडीएल ५५ च्या खाली आणि मूळ पातळीच्या निम्म्याहून कमी हवे.

उत्तर (पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतून)
हे ८५ बहुधा मोजलेले नसून गणिताने काढलेले आहे : १५८ मधून ३१ आणि २१० चा पाचवा भाग, म्हणजे ४२, वजा केले की तेवढेच उरतात. ट्रायग्लिसराइड जितके जास्त, तितके हे सूत्र कच्चे. ४०० च्या पुढे तर ते वापरूच नये. त्यापेक्षा एकूण कोलेस्टेरॉलमधून केवळ एचडीएल वजा करावे. ते इथे १२७ येते आणि अशा रुग्णात ८५ च्या खाली असायला हवे. कमी एचडीएल आणि चढे ट्रायग्लिसराइड ही जोडी आपल्याकडे फार दिसते, तेव्हा मधुमेहाची तपासणी झाली नसल्यास करून घ्यावी. लायपोप्रोटीन-ए (हृदयविकाराचा आनुवंशिक धोका दाखवणारा रक्तातील घटक) आयुष्यात एकदा तपासले तरी पुरते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दाखल केल्या दिवशीच्या अहवालात एलडीएल ११८ होते. तो कागद फाइलमध्ये मागे लावलेला होता. पुढची तपासणी केव्हा करावी?

उत्तर (फिजिशियन)
चार ते सहा आठवड्यांनी, यकृताच्या तपासणीसह. ११८ हाच मूळ आकडा धरून ते ५५ च्या खाली न आल्यास डॉक्टर बहुतेक इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारे दुसरे औषध जोडतील. अंग फार दुखू लागले किंवा लघवीचा रंग गडद झाला तर लगेच कळवावे, परंतु गोळी परस्पर बंद करू नये.