चिंचेवर बगळ्यांची घरटी आहेत आणि गल्लीतले फांद्या तोडायला निघालेत. काय करावं?

येळ्ळूर रोड अक्का

नमस्कार. बेळगावात वडगावच्या पुढं येळ्ळूर रोडला लागून नवीन वसाहत झालीय, तिथं आमचं घर. मागच्या बाजूला अजून भाताची शिवारं आहेत, गच्चीवर गेलं की राजहंसगड दिसतो. कोपऱ्यावर एक जुनं चिंचेचं झाड आहे. प्लॉट पडायच्या आधी ते बांधावर होतं म्हणे. पाऊस सुरू झाला की त्यावर बगळे घरटी करतात. यंदा तर शेंड्याकडचा भाग नुसता पांढरा दिसतो.

खालचा रस्ताही पांढरा, ते नाकारत नाही. ऊन पडलं की कुजक्या मासळीचा वास येतो, गाड्या खराब होतात. आणि गणपतीचा मांडव दरवर्षी त्याच झाडाखाली असतो. मंडळाच्या पोरांनी ठरवलंय की मांडवाच्या आधी सगळ्या फांद्या उतरवायच्या. माणूसही बघून ठेवलाय. मी नको म्हटलं तर म्हणतात, "मग वहिनी, रस्ता तुम्ही धुवा."

माझी लेक गच्चीवरून रोज घरटी बघते. काहींत फिकट निळी अंडी आहेत, एक-दोन घरट्यांत पिल्लंही दिसायलेत. कायद्यानं हे तोडता येतं का? थांबायचं तर कधीपर्यंत? मला गल्लीत वैर नको आहे, पण ती पिल्लं रस्त्यावर पडलेली मला बघवणार नाहीत.

शिवारातला

अक्का, आधी तो माणूस थांबवा. फांदीला हात लावायची ही सगळ्यात वाईट वेळ आहे.

आमचं भात शहापूर शिवारात. चिखल करायला ट्रॅक्टर उतरला की बगळे मागोमाग आलेच. रोटर फिरताना वर येणारे नाकतोडे, किडे, बेडूक टिपत चाकाला इतके लगटून चालतात की नवीन ड्रायव्हर घाबरून ब्रेक मारतो. वडिलांच्या वेळी बैलांच्या पायात असायचे. दिवसभर आमच्या वाफ्यात राबणारे हेच पक्षी तुमच्या चिंचेवर अंडी घालतात. डोकं, मान आणि पाठ हळद लावल्यासारखी दिसते ते गायबगळे. बसले की मातकट आणि उडाले की एकदम पांढरे, त्या ढोकऱ्या. विणीत ढोकरीची पाठ गडद तांबडी होते. दोन्ही एकाच झाडावर शेजारी शेजारी घरटी करतात.

बगळे वाढले असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं झाडं कमी झाली. येळ्ळूर रोडपासून बळ्ळारी नाल्यापर्यंत बांधाबांधावर आंबे, चिंचा, जांभळी होत्या. प्लॉट पडत गेले तशा त्या गेल्या. पाच-सहा झाडांवर राहणारे पक्षी आता एका झाडावर गोळा झालेत. ती चिंच तोडली तर पुढच्या झाडाखालचे लोक हेच म्हणतील.

गायबगळ्याची अंडी उबायला साधारण 24 दिवस लागतात. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की घरट्यातून निघून फांद्यांवर चढतात, पण तेव्हा त्यांना उडता येत नसतं. लोक नेमके इथंच फसतात. पिल्लू बाहेर आलेलं दिसलं की त्यांना वाटतं मोठं झालं. उडायला महिना तरी लागतो. शिवाय सगळ्या जोड्या एकदम अंडी घालत नाहीत, म्हणून सप्टेंबर संपेपर्यंत झाड तसंच राहू दे. दिवाळीनंतर झाड रिकामं झालं की ज्या फांद्या खरंच अडचणीच्या आहेत तेवढ्या परवानगी काढून उतरवा.

कायद्याचं म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी मोडणं येतं. आणि 1976 च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड स्वतःच्या जागेत असलं तरी. पोरांना हेही सांगा : 2022 मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात हायवेसाठी पक्ष्यांनी भरलेलं झाड पाडलं, पिल्लं रस्त्यावर पडून मेली, आणि वनखात्यानं गुन्हा दाखल केला. तो व्हिडिओ देशभर फिरला होता. आपल्या मंडळाचं नाव तसं फिरायला नको.

तिसरा क्रॉस

मी याच भागात राहतो. पक्ष्यांची दया आम्हालाही येते हो. पण आमच्या आईला दमा आहे, खिडकी उघडता येत नाही. शिवारातले लोक संध्याकाळी घरी जातात, आम्हाला रात्रंदिवस तिथंच राहायचं आहे. एक-दोन फांद्या तोडल्या तर काय जग बुडणार?

शिवारातला

दादा, आईंचा त्रास खरा आहे, तो आधी बघूया. वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूनं लोटली की धूळ उडते आणि दम्याच्या माणसाला तीच बाधते. आधी पाणी मारायचं, मग लोटायचं. लोटणाऱ्यानं नाकाला कापड बांधायचं. पाण्याच्या टाकीची झाकणं घट्ट ठेवा.

वास येतो तो बराचसा वरून पडलेल्या मासळीचा, बेडकांचा आणि मेलेल्या पिल्लांचा. ते रोज सकाळी उचलून पुरलं की निम्मा वास जातो, कुत्रीही जमत नाहीत. ब्लीचिंग पावडर ढिगानं टाकू नका, पावसानं ती सरळ नाल्यात आणि तिथून आमच्या शिवारात येते. फूटपाथवर बांबू रोवून शेडनेट बांधा. मांडवाला समोरचा मोकळा प्लॉट असेल तर मालकाला विचारा, देवाच्या कामाला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

एक-दोन फांद्या म्हणता, पण माणूस झाडावर चढला की सगळे थवेच्या थवे उठतात. अंडी पावसात उघडी पडतात, वर टपलेले कावळे तेवढ्यात काम साधतात. म्हणजे तोडली एक फांदी आणि उठलं अख्खं झाड.

आपल्याच राज्यात मंड्या जिल्ह्यातलं कोक्करे बेळ्ळूर बघा. गावातल्या चिंचांवर चित्रबलाक आणि पेलिकन घरटी करतात, अगदी घरांच्या परसात. चिंचेचं पीक बुडतं म्हणून वनखातं झाडमालकांना भरपाई देतं. 2007 मध्ये त्या गावाला समुदाय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. वास तिथंही येतोच. लोकांनी त्यासकट पक्षी आपले मानलेत.

हिंडलगा

अर्जाबद्दल थोडं. एक प्रत महापालिकेला, एक वनखात्याला द्या आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोच घ्या. "झाडावर घरटी आहेत, विणीचा हंगाम संपेपर्यंत छाटणीला परवानगी देऊ नये" एवढं स्पष्ट लिहा. सोबत अंड्यांचे आणि पिल्लांचे तारखेसकट फोटो जोडा. कन्नडमध्ये लिहून नेलात तर फेरी वाचते, आमच्याकडं कॉलेजच्या पोरीनं लिहून दिला होता. फांदी विजेच्या तारेला लागत असेल तर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, वेगळं कळवा, तेवढीच फांदी लाइनमनकडून काढून घ्या. आणि कुणी कुऱ्हाड घेऊन आलंच तर वनखात्याची हेल्पलाइन 1926.

येळ्ळूर रोड अक्का

सगळ्यांचे आभार. रात्रीच्या वाऱ्यात एक पिल्लू खाली पडलं. लेकीनं पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलंय. दूध द्यायचं का?

शिवारातला

दूध नको, पाव नको, चोचीत पाणी तर अजिबात ओतू नका, ते श्वासनळीत जातं. टॉवेल टाकून धरा आणि तोंड लांब ठेवा, बगळ्याचं पिल्लूसुद्धा नेमकं डोळ्यावर चोच मारतं. पाय-पंख धड असतील तर जुनी टोपली खालच्या फांदीला बांधून त्यात ठेवा. आई-बाप येतात का ते लांबून बघा. ते आले नाहीत किंवा पंख लोंबत असेल तर 1926 ला फोन करा.

येळ्ळूर रोड अक्का

धड आहे. टोपली बांधली. मंडळाच्या पोरांशी बोलणं झालं, समोरच्या प्लॉटवाल्यांनी मांडवाला होकार दिलाय. तिसऱ्या क्रॉसचे दादा स्वतः आले होते, सकाळी पाणी मारायचं काम त्यांनी आणि आम्ही वाटून घेतलंय. शेडनेट कोणती घ्यायची तेवढं सांगा.

शिवारातला

75 टक्के सावलीची घ्या, 50 ची विरळ पडते. मधोमध उंच आणि दोन्हीकडं उतार ठेवा, नाहीतर पाला साचून जाळी फाटते. बांबू विकत आणू नका, माझ्याकडं पडून आहेत. शनिवारी ट्रॉली तुमच्याच रस्त्यानं जाणार आहे, चिंचेपाशी उतरवून जातो.