घरचा संगणक मंदावला होता तेव्हा : आपापले अनुभव

घरातला संगणक मंदावला की पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवा, हा. आमच्याकडे २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यावर वडील सोसायटीचे हिशेब ठेवतात आणि मी भाषांतराचे काम करतो. दोन वर्षांत तो दोनदा फॉरमॅट करून आणला. दर वेळी महिनाभर बरा चाले आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकदा घड्याळ लावून पाहिले, तर बटण दाबल्यापासून वर्डची फाइल उघडेपर्यंत ६ मिनिटे ४० सेकंद गेले. त्या दिवशी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर (यंत्राचा कोणता भाग किती गुंतला आहे ते दाखवणारी खिडकी) उघडला. प्रोसेसर आठ-दहा टक्क्यांवर होता, रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) निम्मी रिकामी होती आणि डिस्कच्या रकान्यातला १०० टक्के हा आकडा मात्र जागचा हलत नव्हता.

याचे कारण हार्ड डिस्कच्या रचनेत आहे. डेस्कटॉपमधल्या डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते आणि ते टोक योग्य जागी सरकायला लागणारा वेळ निराळाच. त्यामुळे विखुरलेल्या लहान फायली वाचताना सेकंदाला जेमतेम शंभर वाचने होतात, आणि विंडोज सुरू होताना तर अशा हजारो फायली लागतात. एसएसडी या चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसल्याने ही वाट पाहणे संपते. मी २४० जीबीची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) एसएसडी बसवली आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत तिच्यावर उतरवून घेतली. आता तेच काम ३५ सेकंदांत होते; प्रोसेसर तोच आहे, रॅमही तीच आहे.

आपणही लिहावे ही विनंती. यंत्र किती जुने होते, नेमके कोणत्या वेळी मंदावत होते, काय तपासले आणि कोणता खर्च वाया गेला हे आवर्जून सांगावे, कारण वाया गेलेल्या खर्चाची माहिती पुढच्या माणसाच्या फार उपयोगी पडते.

रत्नागिरीहून

माझा लॅपटॉप झटपट सुरू होत असे, पण वीस-पंचवीस मिनिटे काम झाले की अडखळू लागे आणि की-बोर्डवर टेकलेल्या तळव्यांना चटका बसे. रॅम वाढवा, असे सांगण्यात आले म्हणून २८०० रुपये खर्चून ८ जीबी रॅम घातली. काडीचाही फरक पडला नाही. नंतर एका जाणत्या मित्राने माझ्यासमोर यंत्राची मागची बाजू उघडली. पंखा नीट फिरत होता, परंतु पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा घट्ट पापुद्रा जमला होता आणि चिमट्याने ओढल्यावर तो अखंडच बाहेर आला. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) खडूसारखी कोरडी पडली होती. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो, हे मला तेव्हा कळले. सफाईपूर्वी काम करताना ९७ अंश दिसत होते, ते ७४ वर आले. दोन गोष्टी सांगून ठेवतो: ब्लोअरने हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, आणि नवी पेस्ट मसुरीच्या दाण्याएवढीच घालावी.

धागाकर्ता (पहिला अनुभव लिहिणारा)

रॅमचा खर्च वाया का गेला, ते आपल्या वर्णनातच आहे: अडचण उष्णतेची होती, रॅमची नव्हती. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा, म्हणजे रॅमचा, आकडा सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर विंडोज डिस्कचाच काही भाग रॅमसारखा वापरू लागते आणि यंत्र रखडते. तेथे रॅम वाढवल्याचा लाभ नक्की होतो. आकडा ५० टक्क्यांवर असताना घातलेली जादा रॅम नुसती बसून राहते. रॅम विकत घेण्यापूर्वी जुनी पट्टी डीडीआर-३ आहे की डीडीआर-४, हेही पाहावे; त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

कोल्हापूरहून

लग्नपत्रिका आणि कार्यअहवाल यांचे डीटीपी (छपाईसाठी संगणकावर मांडणी) मी घरून करते. पेजमेकर हा मांडणीचा प्रोग्रॅम उघडायला दीड मिनिट आणि अक्षराचा साचा (फॉन्ट) निवडण्याची यादी खाली यायला दहा-बारा सेकंद लागत असत. गेल्या पंधरा वर्षांत जे जे गिऱ्हाईक आपला फॉन्ट घेऊन आले, तो तो मी बसवून ठेवला होता. विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये मोजले, तर १७०० हून अधिक निघाले, आणि एकाच देवनागरी वळणाचे पाच-पाच अवतार त्यात होते. नेहमी लागणारे सुमारे ८० ठेवले, बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले. जुने काम पुन्हा आले की लागेल तेवढा फॉन्ट बसवते. यादी आता लगेच उघडते, आणि एक रुपयाही खर्च झाला नाही.

नागपूरहून

माझ्या संगणकात दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू होते: एक विकत घेतलेला, दुसरा कोणत्या तरी मोफत प्रोग्रॅमबरोबर आलेला. प्रत्येक फाइल दोघेही तपासत होते. एक काढला आणि काम भागले.

न्यू जर्सीहून

आईबाबा डोंबिवलीला असतात आणि त्यांचा संगणक मी इथून दूरस्थ जोडणीने पाहतो. बाबांची तक्रार होती की, तो रोज थोडा थोडा जड होत चालला आहे. मी विचारले, “बाबा, तुम्ही तो रोज बंद करता ना?” ते म्हणाले, “अरे, रोज रात्री शट डाऊन करूनच झोपतो.” टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात सीपीयूखाली यंत्र किती काळ चालू आहे ते दिसते, तिथे ४३ दिवस लिहिले होते. बाबांचे म्हणणे खरेच होते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाऊन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो, त्यामुळे साचलेला गुंता तसाच राहतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. आता बाबा दर रविवारी रीस्टार्ट करतात. त्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून स्टार्टअपच्या यादीतले ११ प्रोग्रॅम बंद केले. त्यातला एक तर कधीच मोडीत काढलेल्या प्रिंटरचा होता.

साताऱ्याहून

मी निवृत्त शिक्षक आहे. माझा डेस्कटॉप २००९ सालचा, रॅम २ जीबी. विंडोज ७ चे अधिकृत साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि पुढच्या आवृत्त्या या यंत्राला झेपत नव्हत्या. पुतण्याने विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून बसवून दिली. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तिच्यात मिळाला, त्यामुळे बोटांची सवय मोडावी लागली नाही. लेखन, टपाल आणि पीडीएफ वाचणे आता सुखाने चालते. ब्राउझरमध्ये चार-पाचच्या वर टॅब उघडले की यंत्र अजूनही दमते. जुना स्कॅनर काही केल्या चालला नाही, आणि पतसंस्थेच्या हिशेबाचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालत असल्याने त्या कामासाठी मला मुलाच्या लॅपटॉपकडे जावे लागते. हा मार्ग धरण्यापूर्वी आपल्याला रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमची यादी करावी. विंडोज १० चे साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्याने आता अनेकांवर ही वेळ आलेली आहे.

बार्शीहून

माझा अनुभव माझ्याच एका चुकीचा आहे आणि म्हणूनच लिहिते. संगणक मंद झाला, फोल्डर उघडताना तो मध्येच गोठू लागला आणि खोक्यातून टिक टिक असा बारीक आवाज येऊ लागला. डीफ्रॅग केल्याने वेग वाढतो असे ऐकले होते, म्हणून रात्रभर ते चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी संगणकाला डिस्क ओळखूच येईना. ती डिस्क आधीपासूनच निकामी होत होती. डीफ्रॅगमध्ये फायलींचे तुकडे उचलून नव्या जागी लिहिले जातात, म्हणजे मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर मी रात्रभर तिला सर्वांत जड जाणारे काम लादले होते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम आधी चालवला असता, तर खराब झालेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या लहान कप्प्यांची) नोंद पिवळ्या रंगात दिसली असती आणि मी सगळे सोडून प्रथम फायली बाहेर काढल्या असत्या.

त्या डिस्कवर आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ४३ ओव्या होत्या. पुण्यात डेटा काढून देणाऱ्यांकडे डिस्क पाठवली, तेव्हा ३१ परत मिळाल्या. उरलेल्या १२ पैकी पाच मावशीला पाठ आहेत. येत्या रविवारी तिच्याकडे जाऊन त्या ध्वनिमुद्रित करणार आहे. एक प्रत माझ्याकडे राहील आणि दुसरी भावाच्या घरी.