खजरान्याला पाऊल वळत नाही, घरची आरती मात्र सुटत नाही

सुदामानगरची

नमस्कार. वय 49, राहणार इंदूर. पोळी-भाजीचे डबे करते.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी पहाटे पाचला नेहमीसारखी खजरान्याच्या गणपतीला गेले. मुलाच्या नोकरीसाठी तिथे गणपतीच्या पाठीमागे उलटा स्वस्तिक काढलेला आहे. काम झालं की सुलटा करायचा, हे इंदूरकरांना सांगायला नको. निघताना ह्यांना उठवलं नाही. झोपू दे म्हटलं. येताना भाजी घेऊन घरी पोचायला साडेनऊ झाले. बघते तर उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं बंद. मुलगा दुसऱ्या खोलीत झोपलेला, त्याला काही कळलं नाही.

दवाखान्यात म्हणाले, लकवा आहे, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्रास कधी सुरू झाला? रात्री अकराला झोपताना ठीक होते, एवढंच मला सांगता आलं. उठवलं असतं तर... हे दिवसातून शंभरदा मनात येतं.

आता सहा महिने झाले. चाळीस डबे होते, अठरावर आलेत. भिशी मोडली. मुलगा अजून घरीच. नणंद म्हणते ग्रहशांत करून घे, एकवीस हजार लागतील.

ह्यांना "पाणी" म्हणता येत नाही. माझं नावही येत नाही. पण संध्याकाळी दिवा लावून मी गणपतीची आरती सुरू केली की सगळी म्हणतात, शेवटच्या ओळीपर्यंत. पहिल्यांदा झालं तेव्हा निरांजन खाली ठेवून मी ढसाढसा रडले. वाटलं, देवाने वाचा परत दिली. आरती संपल्यावर विचारलं, चहा घेणार? तर "ते... ते..." एवढंच.

ज्याच्या दारात मी उभी असताना घरी हे घडलं, त्याच्याचपुढे रोज हात जोडते. मनात राग असतो. मागणं तर ओठावर येतच नाही. याला प्रार्थना म्हणायचं का? आणि शांतीचं काय करू?

जुने_रामबागकर

ताई, मी 72 वर्षांचा. आमच्या घरी रोज संध्याकाळी दत्ताची करुणात्रिपदी म्हणतात, नानामहाराज तराणेकरांमुळे इंदुरात पुष्कळ मराठी घरांत म्हणतात. बायको आजारी होती तेव्हा मी ती अकरा महिने एक दिवस न चुकता म्हटली. ती गेली. तेराव्यानंतर पोथ्या माळ्यावर टाकल्या आणि दोन महिने देवघराकडे पाठ करून जेवलो. मग एका संध्याकाळी सुनेने दिवा लावला आणि मी आपोआप म्हणायला लागलो. राग गेला नव्हता, आजही पूर्ण गेलेला नाही. पण रागवायला तरी माझ्याजवळ तोच होता.

जनाबाईने विठ्ठलाला तोंडावर शिव्या दिल्या आहेत. तिला कुणी नास्तिक म्हटलं नाही. तुम्ही खुशाल भांडा. मागणं येत नसेल तर मागू नका, नुसतं बसा.

शांतीसाठी भिशी मोडलेल्या घरातून एकवीस हजार काढायचे नाहीत, हे मात्र ठामपणे सांगतो. नणंदबाईंना म्हणा, रोज सकाळी तासभर येऊन भावाजवळ बसा, मला तेवढं झोपू द्या. ती सेवा कुठल्याही शांतीहून कमी नाही.

वाणी_उपचार

ताई, मी वाचा-उपचाराचंच काम करते. तुमच्या यजमानांना जे झालंय त्याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांची बोलण्याची यंत्रणा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि उजवं अंग गेलं म्हणजे इजा डावीकडेच. पण लहानपणापासून घोटलेलं, चालीवर म्हटलेलं, म्हणजे आरती, पाढे, आठवड्याचे वार, हे पुष्कळदा शाबूत राहतं. चाल सांभाळण्यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो. अमेरिकेत 1970च्या दशकात यावरूनच गाऊन बोलायला शिकवायची पद्धत निघाली.

म्हणून आरती हा तुमचा हातचा उपचार आहे. आरती संपताच, लय अंगात असतानाच, "चहा" हा शब्द दोन सुरांत लांबवून म्हणा आणि प्रत्येक अक्षराला त्यांचा डावा हात मांडीवर थोपटा. आधी दोघं मिळून, मग तुम्ही हळूच गप्प व्हा. आरतीतही ओळीचा शेवटचा शब्द तुम्ही गाळा, त्यांना भरू द्या. चुकलं तर टोकू नका. सहा महिन्यांनंतर काही होत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, सुधारणा वर्षानुवर्षं होत राहते. जवळच्या वाचा-उपचारतज्ज्ञाला मात्र एकदा दाखवा.

आणखी एक. लकव्याच्या साधारण पाच रुग्णांत एकाला झटका झोपेतच येतो. पाचला उठवलं असतं तरी कदाचित तो आधीच येऊन गेलेला असता. तुमच्या रात्री अशाच जात असतील तर 14416 वर फोन करा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

सुदामानगरची

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. वाणीताई, "झटका आधीच येऊन गेलेला असता" हे वाक्य मी मुलाकडून दोनदा वाचून घेतलं. मग त्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईने पाऊण तास ऐकून घेतलं.

काका, शांत केली नाही. नणंद आधी रुसली, आता सकाळी सातला येते. भावाची दाढीही तीच करते.

खजरान्याला अजून गेले नाही, स्वस्तिक उलटाच आहे. पण परवा आरतीत मी मधेच थांबले, हे एकटेच म्हणत राहिले, आणि मी मोठ्याने म्हणाले, देवा, मी तुझ्यावर रागावले आहे. ह्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि आरती पुढे चालूच ठेवली.

"चहा" बाराव्या दिवशी आला. "च" लांबला, "हा" जेमतेम निघाला, पण मी आत जाऊन दोन कप टाकले.

वाणीताई, माझं नाव तीन अक्षरी आहे. त्याला कोणती चाल लावू?