जॅझ ऐकायची सुरुवात 'अ लव्ह सुप्रीम'पासून करायला सांगणाऱ्यांना आवरा

तिरपागडा (धागाकर्ता)

परवा आमच्या एका ग्रुपवर एका पोराने साधं विचारलं की सॅक्सोफोनवालं जॅझ ऐकायचंय, कुठला अल्बम लावू, आणि अर्ध्या तासात सहा जणांनी एकच उत्तर दिलं, जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम'. आता मला सांगा, हे लोक स्वतः तो अल्बम शेवटपर्यंत ऐकतात का, की समोरच्याने परत जॅझच्या वाटेला जाऊ नये अशी यांची इच्छा असते? मलाही कॉलेजात हाच प्रसाद मिळाला होता. ३३ मिनिटं, चार भाग, पहिल्या भागाच्या शेवटी ते 'अ लव्ह सुप्रीम, अ लव्ह सुप्रीम' असं पुटपुटणं, मला वाटलं कॅसेट अडकली. त्यानंतर पाच-सहा वर्षं जॅझचं नाव काढलं नाही.

मग एकदा मित्राच्या गाडीत सॉनी रॉलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलॉसस' लागला. पहिलंच 'सेंट थॉमस', आधी मॅक्स रोच एकटाच ड्रम्सवर ठेका धरतो, आणि मग रॉलिन्स असा आत येतो की लग्नघरात लाडका मामा आलाय आणि आता मजा सुरू. कॅलिप्सो आहे ते, कॅरिबियन बेटांवरचं नाचरं संगीत, त्याची आई व्हर्जिन आयलंड्सची, लहानपणी घरात ऐकलेली चाल. मी तीन वेळा मागे घेऊन तेच लावलं, मित्र वैतागला.

हा अल्बम २२ जून १९५६ ला एका दिवसात रेकॉर्ड झाला, तोही न्यू जर्सीत हॅकेनसॅकला, रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या माणसाच्या आईवडिलांच्या घरातल्या हॉलमध्ये. हा बाबा तेव्हा दिवसा लोकांचे चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात जगातलं सर्वोत्तम जॅझ रेकॉर्ड करायचा! पाच तुकडे, जेमतेम ४० मिनिटं. शेवटचं 'ब्लू सेव्हन' ऐका, एक एवढीशी सुरावट घेतो आणि अकरा मिनिटं तिला उलटी करतो, मोडतो, अर्धी सोडून देतो, पण हातातून जाऊ देत नाही. मुखड्याशी खेळत बंदिश मांडणारा गवई ज्याने ऐकलाय त्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तर माझा क्रम असा, आधी रॉलिन्स, मग कॅननबॉल ॲडर्लीचा 'समथिंग एल्स' (१९५८, माइल्स डेव्हिस त्यात चक्क साथीला आहे), मग वाटलं तर डेक्स्टर गॉर्डन, आणि कोल्ट्रेन वर्षभराने. या मारायला.

षड्जकन्या

जोरदार असहमत.

माझं नेमकं उलट झालं. घरात तानपुरा, बाबा शिकवणी घ्यायचे, त्यामुळे जॅझ लावलं की मला वाटायचं हे लोक सतत कुठेतरी निघालेत, एका जागी बसतच नाहीत, दर चार मात्रांनी खालचा आधार बदलतो. तुमचा रॉलिन्सही मला तसाच वाटला, गप्पिष्ट माणूस, छान बोलतो पण दम घेऊ देत नाही. 'अ लव्ह सुप्रीम' हा पहिला अल्बम जिथे मला बसायला जागा मिळाली. जिमी गॅरिसन बासवर ते चार सूर धरतो आणि सोडत नाही, पियानोवर मॅकॉय टायनरच्या कॉर्ड्स (एकत्र वाजवलेले सूर) मोकळ्या, सा-म सा-म अशा अंतराच्या, त्या कुठे ढकलत नाहीत आणि वर कोल्ट्रेन हळूहळू वाढवत नेतो.

आणि हे नुसतं माझ्या मनाचं नाही, रविशंकरांचं संगीत तो अभ्यास करून ऐकायचा, १९६५ ला मुलगा झाला त्याचं नाव रवी ठेवलं. १९६१ ला व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये वाजवलेलं त्याचं 'इंडिया' ऐका. ज्याचा कान इथे तयार झालाय त्याला कोल्ट्रेन अवघड नाही, उलट तोच दरवाजा आहे.

शेवटचा भाग 'सॉम' तर मी आईला ऐकवला होता. तिला जॅझ म्हणजे काय माहीत नाही. तिने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "हा देवाकडे काहीतरी मागतोय." आता अल्बमच्या कव्हरात कोल्ट्रेनने लिहिलेली एक प्रार्थना छापली आहे आणि त्या भागात तो तीच प्रार्थना शब्दामागून शब्द अशी सॅक्सोफोनवर म्हणतो, कागद हातात धरून ऐकलं तर बोट ठेवत जाता येतं. हे आईला कुणीही सांगितलं नव्हतं.

कॉर्डवाला

ताई, आईंना नमस्कार सांगा, पण त्या प्रार्थनेत तो मागत कमी आणि आभार जास्त मानतोय :)

बाकी, प्रत्येक गोष्टीत राग शोधायची आपली ही खोड कधी जाणार? मी टेनर सॅक्सोफोन शिकतोय, चौथं वर्ष, म्हणून जरा आतलं बोलतो. पहिल्या भागात शेवटाकडे कोल्ट्रेन ते चार सूर घेतो आणि एकामागून एक बाराही पट्ट्यांतून फिरवतो, मुद्दाम, पद्धतशीर. बास खाली आहे तिथेच. कुठल्या रागात हे चालतं? आपल्याकडे कुणी मैफिलीत असं केलं तर तानपुरेवाला उठून जाईल. तुम्हाला बसायला जागा मिळाली म्हणता ती जागा तो स्वतःच हादरवतोय आणि गंमत त्यातच आहे, ती रागाच्या चष्म्यातून दिसत नाही.

आणि तो तिथे पोचला कसा हे बघायचं तर 'जायंट स्टेप्स' ऐकल्याशिवाय सुटका नाही. १९५९. सोप्या भाषेत सांगायचं तर, तीन सा धरा, एकमेकांपासून शुद्ध गांधाराच्या अंतरावर, म्हणजे सप्तकाचे तीन सारखे तुकडे. आता गाताना तुमचा सा या तीन जागांवर फिरत राहणार आहे, आणि लय अशी की कॉर्ड सेकंदाला साधारण दोनदा बदलते. कोल्ट्रेन घरी घोटून आला होता, तो पाण्यासारखा वाजवतो. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, हाच तो 'सॅक्सोफोन कोलॉसस'वर इतकं सुंदर वाजवणारा माणूस, त्याची सोलोची पाळी येते आणि तो अडखळतो, मध्ये मध्ये गप्प होतो, शेवटी नुसत्या कॉर्ड्स ठेवतो. तसंच छापलं त्यांनी रेकॉर्डवर. बिचाऱ्याने पुढे १९८२ ला त्याच नावाचा स्वतःचा अल्बम काढून हिशोब पुरा केला.

म्हणजे माणसाने कॉर्ड्सचं इतकं टोक गाठलं आणि मग पाच वर्षांत बहुतेक सगळ्या टाकून दिल्या. काय टाकलं हे माहीत नसताना 'अ लव्ह सुप्रीम' ऐकणं म्हणजे संन्याशाचा संसार न बघता नुसती भगवी कफनी बघणं. त्यामुळे क्रमाबाबत तिरपागडांशी सहमत, कारणं वेगळी.

षड्जकन्या

मी त्यात राग आहे असं म्हटलंच नाही, परत वाचा. मी कानाबद्दल बोलतेय. बारा पट्ट्यांतून फिरवलेलं मलाही कळलं होतं, उलट खालचा बास हलत नाही म्हणूनच ते फिरणं मला इतकं ठळक ऐकू आलं. 'जायंट स्टेप्स'मध्ये मात्र सगळंच पळतंय तर पळणं कळणार कसं? आणि ऐकणाऱ्याने आधी संसार बघून यायचा हा नियम कुणी केला, लोक ज्ञानेश्वरी वाचायच्या आधी संस्कृत शिकतात का.

खडूस_आजोबा

अल्बम अल्बम काय लावलंय सकाळपासून. लाँग प्ले आली १९४८ ला. त्याआधी जे झालं ते जॅझ नव्हतं का? कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ ला 'बॉडी अँड सोल' वाजवलं, तीन मिनिटांची तबकडी, मूळ चाल सुरुवातीला जरा दाखवतो न दाखवतो आणि मग जे निघतो ते परत त्या चालीकडे फिरकत नाही. लोकांनी ते बारमध्ये नाणी टाकून टाकून ऐकलं. टेनर सॅक्सोफोन हे गंभीर वाद्य आहे हे त्या तीन मिनिटांनी ठरवलं, तुमचे रॉलिन्स न् कोल्ट्रेन दोघेही त्याच घरातले. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करचं घ्या, १९५५ ला चौतिसाव्या वर्षी गेला, त्याचं सगळ्यात पेटलेलं काम तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवर आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांचा अल्बम कुठला ऐकू असं विचारता का कधी? तीन मिनिटांत 'पिया बिन' म्हणून गेले, अजून पुरतंय.

बाकी रॉलिन्सला मी समोर बसून ऐकलाय, १९७८ ची जॅझ यात्रा, मुंबई, रंगभवन, त्यामुळे त्याच्याबद्दल वाकडा शब्द बोलणार नाही. त्याच्या आधी दहा-एक वर्षं, साठच्या दशकाच्या शेवटी, हा माणूस सगळं सोडून पोवईच्या आश्रमात योग शिकायला येऊन राहिला होता. तेव्हा भारतीय कान वगैरे फक्त कोल्ट्रेनच्या नावावर करू नका.

नानबा

पोवई?? आपली आयआयटीवाली पोवई? नशीब तेव्हा आला, आत्ता आला असता तर सोसायटीने दुपारी दोन ते चार वाजवायचं नाही म्हणून नोटीस लावली असती.

एडिसनकर

@नानबा, हसताय खरे पण तसंच झालं होतं त्याचं, फक्त न्यूयॉर्कात. १९५९ ला रॉलिन्स नावाजलेला होता, कामं भरपूर, आणि त्याला वाटलं आपण लोक म्हणतात तेवढे चांगले नाही. झालं, कार्यक्रम बंद. घर लहान, शेजारी बाई गरोदर, तिला त्रास नको म्हणून सॅक्सोफोन घेऊन विल्यम्सबर्ग पुलावर जायचा आणि तिथे वाऱ्यात, गाड्यांच्या आवाजात तासन् तास रियाज. दोन वर्षं! १९६१ ला परत आला आणि पुढच्या वर्षी अल्बम आला त्याचं नाव 'द ब्रिज'. मी त्या पुलावरून चालत गेलोय, आगगाडी शेजारून जाते, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. लोकांना वाटलं परत येईल तेव्हा काहीतरी क्रांती घेऊन येईल आणि त्याने जिम हॉलच्या गिटारबरोबर निवांत वाजवलं, त्यामुळे तेव्हा काही जण नाराज झाले म्हणे. मला तोच आवडतो.

कोल्ट्रेनवाल्यांसाठी, व्हॅन गेल्डरने १९५९ ला आईवडिलांचा हॉल सोडून इंगलवूड क्लिफ्सला स्टुडिओ बांधला, आत चर्चसारखं उंच लाकडी छत, 'अ लव्ह सुप्रीम' ९ डिसेंबर १९६४ ला तिथे झाला. मी कितीदा तिथून गाडीने गेलोय, बाहेरून पत्ता लागत नाही.

आणि कुणी अजून 'टेक फाइव्ह'चं नाव कसं नाही घेतलं?

कॉर्डवाला

कारण ते लिफ्टमध्ये वाजतं म्हणून.

एडिसनकर

लिफ्टमध्ये वाजतं हा ते लिहिणाऱ्या सॅक्सोफोनवाल्या पॉल डेस्मंडचा दोष नाही. पाच मात्रांचं गाणं, तीन-दोन अशी वाटणी, आपल्या झपतालाच्या अर्ध्याला उलटं धरलंय असं समजा, आणि त्यावर हा माणूस इतका हलका वाजवतो की पाच आहेत हे विसरायला होतं. स्वतःच म्हणायचा मला ड्राय मार्टिनीसारखं वाजवायचं होतं. मृत्युपत्रात या गाण्याचे पैसे अमेरिकन रेड क्रॉसला देऊन गेला. आणि इथलं नातं हवंच असेल तर डेस्मंड ज्यात वाजवायचा ती पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकची चौकडी १९५८ ला मुंबईत येऊन गेली आहे, अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर बसली होती. 'टेक फाइव्ह' ज्यावर आहे तो 'टाइम आउट' अल्बम त्यानंतर वर्षभराने. मी त्याचा याच्याशी संबंध जोडत नाही, जोडणारे जोडतात.

मांडवीकाठ

तुम्ही सगळे सॅक्सोफोन म्हणजे परदेशातून आलेला अभ्यासाचा विषय असल्यासारखं बोलताय. गोव्यात आमच्याकडे चर्चच्या शाळेत पोरं आधी नोटेशन वाचायला शिकत, मग व्हायोलिन, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, आणि मग मुंबईची बोट. हॉटेलांत रात्री जॅझ आणि सकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला हजर. ब्राझ गोन्साल्विस ऐकलाय का कुणी? नेवऱ्याचा माणूस, कोल्ट्रेन पचवून त्याने सत्तरच्या सुमारास रागांवर जॅझ बांधलं. षड्जकन्यांना आवडेल आणि कॉर्डवाल्यांना राग येईल, दोघांनीही ऐका.

सुरुवातीचं म्हणाल तर माझं मत बॅलड, म्हणजे संथ गाणं. पळापळ नाही, बारा पट्ट्या नाहीत. डेक्स्टर गॉर्डन बॅलड वाजवायच्या आधी माइकवर त्या गाण्याचे शब्द म्हणून दाखवायचा आणि मग वाजवायचा, कारण शब्द माहीत नसतील तर वाजवणार काय. १९६२ चा 'गो' घ्या, त्यात मध्ये एक-दोन संथ आहेत. पाऊस लागलेला असताना लावा.

तिरपागडा

धाग्याचं काश्मीर झालंय पण चालू दे. आजोबांचा पोवईचा मुद्दा मला माहीतच नव्हता, तो मी आता माझ्या बाजूने वापरणार.

षड्जकन्या, तुमच्या घरी तानपुरा होता हो, आमच्या घरी रेडिओ आणि त्याची घरघर. विचारणारं पोर तुमच्या घरातलं की आमच्या हे आधी विचारायला हवं, एवढं मान्य. पण एक सांगतो, 'सेंट थॉमस' वाजत असताना रॉलिन्स आणि रोच जे हसतखेळत चाललेत ना, त्यानंतर चारच दिवसांनी, २६ जूनला, त्या दोघांच्या बँडमधला ट्रम्पेटवाला क्लिफर्ड ब्राउन आणि पियानोवाला रिची पॉवेल मोटार अपघातात गेले. ब्राउन २५ वर्षांचा. मला हे कळल्यापासून तो अल्बम नुसता मजेचा राहिलेला नाही, आणि तरी पहिली सूचना म्हणून मी तोच देणार.

नवशिका_२२

नमस्कार, ग्रुपवर विचारणारा मीच, दादाने धाग्याची लिंक दिली. काल रात्री दोन्ही ऐकले. 'सेंट थॉमस' भारी, 'अ लव्ह सुप्रीम' अर्धा कळला अर्धा नाही, आणि ते पुटपुटणं मला आवडलं, सॉरी. पण खरं सांगू का, त्यात तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो जो एकटाच ड्रम्स बडवतो ना, तो कोण आहे, त्याचं अजून कुठे ऐकायला मिळेल? सॅक्सोफोन ठीक आहे.

कॉर्डवाला

चार वर्षं मी उगाच फुंकतोय.

खडूस_आजोबा

एल्विन जोन्स. वेगळा धागा काढ बाळ, इथे नको.